बँडसॉ रुसतो तेव्हा

घराच्या मागच्या अंगणात आमचा फर्निचरचा छोटासा कारखाना आहे. लग्न होऊन आले तेव्हा त्या शेडकडे मी चहाचे कप घेऊन जाण्यापुरतीच वळत असे. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या, सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईचा करवतीशी काय संबंध? पण गेल्या महिन्यात तो आला.

हे लाकूड आणायला परगावी गेलेले. रविवारी एका घरी बारसं, आणि त्यांचा पाळणा आमच्याकडे अर्धवट पडलेला. पाळण्याच्या गोलाईचे काप बँडसॉवर निघतात. दोन चाकांवरून पट्ट्यासारखं पातं फिरतं, ती ही करवत. शुक्रवारी दुपारी मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे. "वहिनी, मशीन सुरूच होत नाही. वायरमन सोमवारशिवाय येत नाही म्हणतो."

हात पुसत शेडमध्ये गेले. मिस्त्रींचा मदतनीस पात्यालाच हात लावून बघत होता. मी ओरडलेच, "आधी प्लग काढ!" न कळता थांबलेलं यंत्र न कळता सुरूही होऊ शकतं.

चुकलेलं वाक्य तपासताना आम्ही मुलांना पहिल्या शब्दापासून जायला सांगतो. तसंच भिंतीपासून मोटरपर्यंत जायचं ठरवलं. बोर्डातला एमसीबी चालू होता. त्याच सॉकेटला ड्रिल मशीन लावून पाहिलं. ते झर्रकन फिरलं. म्हणजे वीज येत होती. प्लग उघडून पाहिला, तिन्ही वायरी घट्ट.

"बटण दाबल्यावर नुसती गुणगुण येते का?" मी विचारलं. ह्यांच्या तोंडून ऐकलेलं आठवत होतं: मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा पातं अडकलेलं असतं नाहीतर कपॅसिटर गेलेला असतो. अशा वेळी बटण लगेच बंद करायचं, नाहीतर मोटर जळते. आणि कपॅसिटरला आपण हात लावायचा नाही; प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते. पण इथे गुणगुण नव्हती, सगळं चिडीचूप.

मिक्सर जास्त तापून बंद पडला की तळाचं लाल बटण आपण दाबतोच ना? तसंच बटण ह्या मोटरलाही आहे. मोटर गारच होती, तरी दाबलं. प्लग लावून पाहिलं, काही नाही. प्लग पुन्हा काढला.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, झाकणाजवळ एक बारका स्विच आहे. त्याच्या वायरी डायरेक्ट जोडून टाकतो. बारशाला पाळणा तर जाईल!"

क्षणभर मलाही मोह झाला. मग मामंजींचा उजवा हात डोळ्यांपुढे आला. तर्जनीचं वरचं पेर नाही. त्यांच्या जुन्या करवतीला झाकणच नव्हतं. तो बारका स्विच एवढ्याचसाठी असतो, की झाकण उघडं असताना पातं फिरू नये. "नको," मी म्हटलं. "पाळणा उशिरा गेला तर मी माफी मागेन. बोटाची माफी कुणाकडे मागू?"

आणि तेव्हाच डोक्यात उजेड पडला. आमचं कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा दार नीट लागलं नाही की हूं की चूं करत नाही! खालच्या चाकाचं झाकण उघडलं. आत भुसा नुसता ठासून भरलेला. त्यामुळे झाकण नखभर वर राहत होतं आणि स्विच दाबलाच जात नव्हता. मिस्त्रींनी ब्रशने सगळा भुसा काढला, कडाही पुसल्या. झाकण खट्‌कन बसलं. प्लग लावला, हिरवं बटण दाबलं, आणि करवत घूं घूं करत फिरू लागली.

पाळणा शनिवारी रात्री पोचला. आता दर शनिवारी, प्लग काढून, भुसा झाडायचा नियमच केलाय. घरातल्या केराबरोबर कारखान्यातला केरही माझ्याच देखरेखीखाली आला म्हणायचा!

परत आल्यावर ह्यांनी विचारलं, "वायरमनने किती घेतले?"

"काही नाही," मी म्हटलं. "घरातलीच बाई होती."