शेऱ्याचा रकाना

आमच्या शेंदूरजनाघाटात वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा जन्म १ जुलैचा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराच्या उंचीकडे पाहिलं, वय ठरवलं आणि दाखल-खारीज रजिस्टरात तारीख टाकून दिली. ज्यांना पुढे नोकरी लागली, त्यांची निवृत्तीही त्याच तारखेने ठरवली. ते रजिस्टर मेल्यावरही माणसाला सोडत नाही. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. मग नातवाच्या प्रवेशासाठी आजोबांची ओळ शोधत लोक शाळेत येतात. पिवळं पडलेलं पान, बोरूची शाई आणि त्यात आजोबांचं नाव सापडलं की सगळ्यांचे चेहरे उजळतात.

मी आयटीआयला फिटर झालो तेव्हा माझ्या नावाचं प्रोग्रेस कार्ड निघालं. लोखंडी पट्टी फाईलने घासून काटकोनात आणायची, ट्रायस्क्वेअर लावून उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की गुण गेले. निदेशक व्हर्नियरने माप घेत आणि लाल शाईने आकडा टाकत. त्यापुढे शेऱ्याचा एक अरुंद रकाना असे. माझ्या कार्डावर एकदा आलं होतं, ‘घाई करतो.’ गुण किती होते ते आज आठवत नाही.

पुढे मीच शिल्प निदेशक झालो आणि लाल पेन माझ्या खिशात आला. २०१३ मध्ये सत्र पद्धत आली, दर सहा महिन्यांनी गुणांचे तक्ते भरा. २०१८ पासून पुन्हा वार्षिक झालं. दरम्यान रजिस्टरावरून एक्सेल आणि एक्सेलवरून पोर्टल. माझ्या वयाचे सहकारी जुन्या रजिस्टरासाठी हळहळतात. मी हळहळत नाही. रजिस्टरात इंग्रजी ३ चा ८ करायला दोन वळणं पुरायची, आणि ती वळणं घेणारे हात मी पाहिले आहेत. पोर्टलवर एकदा सबमिट केलं की आकडा निदेशकाच्याही हातात राहत नाही. प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये येतं, पुण्याच्या कारखान्यातला माणूस तिथल्या तिथे ते तपासतो. पूर्वी त्या कागदासाठी पोरं एसटीने खेटे घालत.

पोर्टलला मात्र नावाची फार चिकित्सा. विठ्ठल इंग्रजीत एका ‘टी’चा की दोन, दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं, की पोरगा अडकला. ज्या गुरुजींनी अंदाजाने वय लिहिलं, त्यांचं रजिस्टर चालतं. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर पोर्टलला चालत नाही. तरी हे दुरुस्त होऊ शकतं. पोर्टलवर शेऱ्याचा रकाना मात्र गेला तो गेलाच.

तो रकाना होता तेव्हा एका पोराची हजेरी हिवाळ्यात घसरे. परीक्षेला ८० टक्के लागते. घरी संत्र्याची नर्सरी, आमच्या गावात ती गल्लोगल्ली आहे, आणि तोच जंभेरीच्या खुंटावर डोळे भरण्याचा हंगाम. त्याचे वडील येऊन म्हणाले, “साहेब, हजेरीवर नोका जाऊ जी, पोराचा हात पाहा.” नियमापुढे माझं काही चाललं नाही, त्याची परीक्षा पुढे गेली. पण हात मी पाहिलाच होता. चाकूने साल उचलून डोळा बसवणाऱ्या त्या बोटांनी फाईल धरली की पट्टी ट्रायस्क्वेअरला चिकटे. शेऱ्यात मी लिहिलं, ‘गैरहजर, पण हात स्थिर. यंत्रावर घ्यावा.’ नर्सरीवाल्याला कलम खरी उतरली की नाही हे झाडाला फळ लागल्यावर, चौथ्या-पाचव्या वर्षी कळतं. आम्ही मात्र त्याच दुपारी आकडा टाकून मोकळे होतो. म्हणून तर शेजारी चार शब्द हवेत.

संस्थेचं अंतर्गत सॉफ्टवेअर करायला एक तरुण आला, तेव्हा मी शेऱ्याचा रकाना मागितला. त्याने विचारलं, “किती अक्षरांचा ठेवू, सर?” मी अडीचशे म्हटलं. आता रकाना आहे, आणि बहुतेक निदेशक त्यात ‘चांगला’ लिहून मोकळे होतात. एकाने तर सगळ्या बॅचला तोच शब्द कॉपी करून चिकटवला आहे.