मामूंची जखम कुठे मोजली?

मामू डावा पाय किंचित ओढत चालायचे. विलेपार्ल्याला आमच्याकडे आले की स्टेशनचा जिना उतरताना दोनदा थांबायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, 'जुनं दुखणं आहे.' ते दुखणं जानेवारी १९९३ चं होतं, हे घरातल्यांनाच माहीत होतं.

दंगलीच्या त्या दिवसांत कामावरून परतताना त्यांच्या पोटरीत गोळी घुसून आरपार गेली. कुणी झाडली, ते त्यांनी पाहिलं नाही, कारण ते पळत होते. रात्री कसेबसे आमच्या घरी पोहोचले. अब्बा म्हणाले, हॉस्पिटलला चला. मामूंनी हात जोडले. 'गोळीची जखम आहे, केस होईल. पोलीस येतील, नाव विचारतील.' शेवटी पार्ल्यातलेच एक डॉक्टर काका बॅग घेऊन आले. अम्मीने पातेल्यात पाणी उकळलं आणि आमच्या स्वयंपाकघरात मामूंची जखम साफ झाली. जखम भरली, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत आर्थर केलरमन या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट वाढतो, आणि मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचाच असतो, असं त्यांना आढळलं. बंदुकीकडे पाहण्याची ही पद्धत रोगाकडे पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डेंग्यूसाठी पिंपं तपासत फिरतात, तशीच. कोण, कुठे, कधी, कशाने जखमी झालं ते आधी मोजायचं, आणि मग साखळी कुठे तोडता येईल ते शोधायचं.

पण ज्यांना ही मोजणी नको होती, त्यांनी ती थांबवली. १९९६ मध्ये जे डिकी या खासदाराच्या पुढाकाराने अमेरिकी संसदेने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीला अट जोडली की हा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही. शिवाय केंद्र या संशोधनावर खर्च करत होतं तेवढीच, २६ लाख डॉलरची, कपात केली. संशोधनावर बंदी नव्हती, तरी संशोधन जवळपास थांबलं. पुढे २०१२ मध्ये खुद्द डिकींनीच लिहिलं की हे संशोधन व्हायला हवं. या कामासाठी वेगळा निधी पुन्हा मंजूर व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं.

हे वाचताना १९९६ या वर्षावर मी अडखळलो. त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्याकडे युती सरकारने श्रीकृष्ण आयोग गुंडाळला होता. मे महिन्यात तो पुन्हा नेमला, तेव्हा मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषयही त्याच्या कामात घातला. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यायमूर्तींनी अहवाल दिला. त्यातले आकडे मी अनेकदा वाचले आहेत. एकूण मृत्यू ९००. पोलीस गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. म्हणजे दर पाचांपैकी दोन जण गोळीने गेले, आणि त्यातल्या बहुतेक गोळ्या पोलिसांच्या होत्या. धर्मानुसारही नोंद आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी, ५ इतर. दंगलीबद्दलच्या कितीतरी भाषणांपेक्षा हा छोटा तक्ता मला जास्त सांगतो.

जखमींचा आकडा २,०३६ आहे. त्यात मामू नाहीत. आमच्या स्वयंपाकघरातलं पातेलं कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं.

आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे कायदा मामूंच्या बाजूने होता. पण मामूंना भीती डॉक्टरांची नव्हती, पोलिसांची होती. गोळीबारातल्या पोलिसांचा आणि जबाब घ्यायला येणाऱ्या पोलिसांचा गणवेश एकच होता. आरोग्य धोरण म्हणजे नुसत्या खाटा आणि औषधं नव्हेत. जखमी माणसाला दाराशी यायला भीती वाटते का, हासुद्धा आरोग्य धोरणाचाच प्रश्न आहे. नवऱ्याने मारलेली बाई डॉक्टरांना 'पाय घसरून पडले' सांगते, तेव्हा तिची जखमही अशीच मोजणीतून सुटते.

कूपर हॉस्पिटल आमच्या घरापासून जवळ आहे. तिथल्या कॅज्युअल्टीबाहेर रात्री-बेरात्री रिक्षा थांबतात, रक्ताळलेला रुमाल धरून माणसं उतरतात. ती दिसली की वाटतं, बरं झालं, आले. निदान यांची नोंद होईल.

मामू आता नाहीत. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असं कारण आहे आणि ते खरंच आहे. पायाबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो आहे.