टायरगाडीची ओढ

मराठी ग्रामीण साहित्यात बैलगाडीला तोटा नाही. आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकांतून आणि कथासंग्रहांतून ज्या गाड्या पाहिल्या त्या बहुतेक लाकडाच्या होत्या. त्यांना आरे होते, तुंबा होता, लोखंडी धाव होती, आणि घुंगरांचा नाद तर ठरलेलाच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये आपल्या ग्रंथाला 'गावगाडा' हे नाव दिले तेव्हा वाचकाच्या डोळ्यांपुढे असाच गाडा उभा राहिला असणार : सुताराने चाक घडवावे, लोहाराने धाव चढवावी, चांभाराने वाद्या पुरवाव्यात आणि कुणब्याने तो हाकावा. रबरी टायरची गाडी मात्र आमच्या वाचनात क्वचितच आली. बीड जिल्ह्यात राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना ही उणीव जरा अधिक जाणवते. कारण आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बालपण ज्या गाडीच्या सावलीत गेले ती लाकडी गाडी नव्हे, टायरगाडी होय.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगितले पाहिजे. टायरगाडी म्हणजे लोखंडाचा सांगाडा, खाली मोटारीचा जुना आस, त्यावर बेअरिंग, दोन रिंगा, दोन टायर, पुढे लांब दांडी आणि जू. सुटे भाग मिळाले की वेल्डिंगच्या दुकानात ती जोडून होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या भागांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल टनाटनाने फेडायची असते. यांतला जो गाडीवान, तो ऊस तोडतो आणि फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत आपल्या बैलांकरवी ओढूनही नेतो. बऱ्याच ठिकाणी बैल त्याचे आणि गाडी कारखान्याची असते. मिळेल त्या टायरवर तो हंगाम काढतो. पण काहींची गाडीही स्वतःची असते, आणि टायर कोणते घ्यावेत हा प्रश्न त्यांनाच पडतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी हा प्रश्न पडला होता. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात तो सांगायला आला की आता परीक्षेपर्यंत तासांना येणे होणार नाही. आईचे गुडघे गेले आहेत, अर्धा कोयता तोच भरून काढणार. हे आम्हांला नवे नव्हते. दिवाळीनंतर आमच्या वर्गाची पटसंख्या कागदावर असते तेवढी बाकांवर नसते. पण जाता जाता तो म्हणाला की टायरावरून घरात भांडण चालले आहे, आणि आम्ही कान टवकारले. दुसऱ्या दिवशी बाप-लेकांबरोबर जुन्या टायरांच्या दुकानावर आम्हीही जाऊन उभे राहिलो.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला : "रान जास्त का रोड जास्त?" टायरशास्त्राचा गाभा या एका प्रश्नात आहे, हे आम्हांला नंतर पुष्कळ वाचन केल्यावर कळले.

हिशेब साधा आहे. गाडी आणि ऊस मिळून अडीच टन धरले तर एका चाकावर सव्वा टन येतो. टायरमध्ये ५० पौंड हवा असेल तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण साडेतीन किलो भार पेलला जातो. म्हणजे सव्वा टन पेलायला सुमारे साडेतीनशे चौरस सेंटीमीटर रबर जमिनीला टेकावे लागते, जवळजवळ शाळकरी वहीच्या एका पानाएवढे. हवा निम्मी केली की टेकणारी जागा दुप्पट होते. पाणी दिलेल्या काळ्या रानात ही दोन पाने चाकाला वर धरतात. एका पानावर ते रुतते, आणि रुतलेले चाक म्हणजे बैलाला सतत लागणारा चढ. पण तीच कमी हवेची गाडी डांबरी रस्त्यावर आली की टायर दर फेऱ्याला चेपतो आणि फुगतो, तापतो, कडेला चिरतो, आणि ओढ पुन्हा जड होते. रानाला हवा कमी हवी, रस्त्याला जास्त. गाडी मात्र दिवसातून दोनदा दोन्हींवरून जाते, आणि फडाच्या बांधावर हवा भरण्याचे यंत्र नसते.

गंमत अशी की हाच पेच जगाच्या दुसऱ्या टोकाला हौशी लोकांना पडतो. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन नावाची अतिशय हलकी मोटार काढली. ती सुट्या भागांत घेऊन घरी जोडता येई, कारण जोडलेल्या गाडीवरचा खरेदीकर त्यामुळे वाचत असे. (भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्यास कर लागेल, म्हणून गाडी उकलण्याच्या सूचना दिल्या गेल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या, अशी हकिकत सांगितली जाते. संहितेच्या वाचनाचा तास घेणाऱ्यांनी ही ध्यानात ठेवण्याजोगी.) या जातीच्या गाड्यांचे वजन पाचशे-सहाशे किलोंच्या घरात असते. त्यांचे मालक त्याच टायरांवर रस्त्याने शर्यतीच्या मैदानावर जातात, तिथे धावतात आणि त्याच टायरांवर घरी येतात. जड मोटारीचा कडक टायर अशा गाडीला लावला तर तो नीट तापतच नाही, आणि न तापलेले रबर जमिनीला धरत नाही. म्हणून मऊ रबर घ्यावे, तर ते रस्त्यावर लवकर झिजते. नक्षी नसलेला गुळगुळीत टायर कोरड्या मैदानावर सर्वांत उत्तम, पण पावसात त्याच्याखालचे पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी तरंगू लागते. साध्या मोटारीत तीस पौंडांच्या वर हवा असते, तर ही मंडळी अठरा-वीसवर चालवतात. रान जास्त का रोड जास्त, हाच प्रश्न.

दुकानात गुळगुळीत टायरांची थप्पी होती. ट्रकवाल्यांनी झिजवून टाकलेले हे टायर टायरगाडीला चांगले चालतात. मोटारीचे चाक जमिनीला ढकलून गाडी पुढे नेते, म्हणून त्याला पकड लागते. टायरगाडीचे चाक काहीच ढकलत नाही, नुसते भार घेऊन फिरते. पकड लागते ती बैलाच्या खुराला. तेव्हा या वाहनाचे खरे टायर म्हणजे बैलाच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या, आणि डांबरावर त्या झिजून गुळगुळीत झाल्या की बैल घसरतो. हे आम्हांला गाडीवानाने सांगितले, दुकानदाराने नव्हे. वेग कमी असल्याचा फायदाही टायरला मिळतो. ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या टायरवर त्याच्या छापील क्षमतेहून अधिक वजन टाकले तरी तो सहसा तग धरतो, कारण तो तापत नाही. बिकानेरकडच्या उंटगाड्यांना तर विमानांचे निवृत्त टायर लावतात.

आता भांडणाकडे येऊ. वडिलांना ट्रकचे ९००-२० हवे होते. उंच चाक खड्ड्यातून सहज निघते, जाड थरांचा टायर फुटत नाही, आणि वर वाटेल तेवढा ऊस रचता येतो. मुलाला जीपचे ६००-१६ हवे होते, किंवा खास बैलगाडीसाठी बनणारे ७००-१९ तरी. त्याचे म्हणणे आम्हांला आधी तांत्रिक वाटले. मग तो म्हणाला, "सर, टायर बारका असला की माल आपोआप कमी भरतेत. भ्याव वाटतंय फुटायचं."

इथे आम्हांला थांबावे लागले. हवेचा टायर जन्माला आला तोच मुळी जनावराची ओढ कमी करण्यासाठी. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने त्याचे पेटंट घेतले तेव्हा मोटार नव्हती. गाडी ओढायला लागणारी शक्ती कमी व्हावी, गाडी सुखाने आणि आवाज न करता चालावी, हा त्याचा हेतू होता. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात त्याने असे टायर लावलेल्या घोडागाड्या चालवून दाखवल्या. लोक विसरले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा शोधला. हे गृहस्थ पेशाने पशुवैद्य होते. त्यांच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालात साहागंजला कारखाना काढला आणि पुढे बैलगाडीचे टायर विकले. उत्तरेकडे अशा गाडीलाच 'डनलप' म्हणतात.

ओढ कमी झाली, हे खरे. पण वाचलेले बळ गेले कुठे? कायद्यातच याचे उत्तर मिळते. ओझी ओढणाऱ्या जनावरांविषयीचे १९६५ चे केंद्रीय नियम आम्ही मुद्दाम मिळवून वाचले. दुचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर मोठ्या बैलासाठी ९०० किलोंची मर्यादा आहे. टायर असतील तर १३५०, आणि बॉल बेअरिंग असेल तर १८००. लांब आणि तीव्र चढावर हे वजन निम्मे करावे, दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असेही त्यात आहे. नियम जनावराच्या दयेपोटी केलेले आहेत, त्यांच्या हेतूविषयी शंका नको. पण या कोष्टकात टायरने वाचवलेले सगळे बळ मालाच्या खात्यावर जमा होते. बैलाच्या खात्यावर काही उरत नाही. जुना बैल आणि नवा बैल तेवढाच दमतो, काट्यावरचा आकडा तेवढा वाढतो. आणि मजुरी टनावर असल्यामुळे ज्याला बैलाची सर्वांत जास्त काळजी आहे, तोच गाडीत शेवटची मोळी टाकतो. त्याला निर्दयी म्हणणे फार सोपे आहे. जोडीची किंमत लाखाच्या पुढे गेलेली असते आणि ती बहुधा उचलीतूनच आलेली असते.

लाकडी गाडीला ही मर्यादा अंगचीच होती. फार भरले तर धाव रुतायची, आरा निखळायचा. जुन्या गाड्याविषयी हळवे होण्याचे हे कारण नव्हे. तो गाडा बलुत्यावर चालत होता आणि चांभाराला त्यात कुठे बसवले होते हे आत्र्यांचे वाचक जाणतात. शिवाय त्याची लोखंडी धाव रस्तेही कापून काढी. तरीपण चाक स्वतःच 'पुरे' म्हणत असे, एवढे नोंदवले पाहिजे. टायर म्हणत नाही. म्हणून त्या मुलाला 'पुरे' म्हणणारा टायर हवा होता.

वडील शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "बारका टायर फुटला तर बैलं दोन दिवस बसून खातेत. पंक्चर आपल्याच माथी. तू मला पुस्तकातलं सांगू नको." मग थोड्या वेळाने आमच्याकडे वळून, "सर, याचं खोटं नाही. पण उचल फिटंना तर पुढच्या साली बी याला यावंच लागंल की." या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलगाही गप्प राहिला.

शेवटी ९००-२० चीच जोडी घेतली, एक गुळगुळीत आणि एक रिमोल्ड. मुलाने एक पायपंप मात्र हट्टाने घेतला. रानात हवा सोडायची, रस्त्याला लागताना भरायची. एवढा मोठा टायर पायाने भरायला किती वेळ लागतो हे दुकानदाराने हसत सांगितले, तरी त्याने तो घेतलाच. उताराला हलकी चालणारी गाडी बैलांच्या मानेवर येते, म्हणून चाकाला करकचून धरणारा लाकडी ठोकळाही बसवून घेतला. बालाघाटच्या माणसाला घाट शिकवावा लागत नाही.

मराठीत ओढ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि वर्गात आम्ही दुसऱ्याच अर्थावर अधिक वेळ घालवतो. असो.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तो परत आला. परीक्षेला बसला. काट्यावरच्या वजनाच्या चिठ्ठ्या त्याने भाषाविज्ञानाच्या वहीत ओळीने ठेवल्या होत्या आणि आम्ही मागितल्यावर वही पुढे केली. नाताळापर्यंत आकडे दोन टनांच्या आसपास आहेत. संक्रांतीनंतर ते अडीचकडे सरकतात, आणि मार्चच्या चिठ्ठ्यांत एकही आकडा अडीचच्या खाली नाही. पंप फेब्रुवारीपर्यंत वापरला, म्हणाला, नंतर वेळ मिळाला नाही. डावा बैल पायाने अधू झाला म्हणून पाडव्याला विकला. टायरांना काही झालेले नाही. दुकानदाराने बोटाने दाबून पाहिले आणि अजून दोन हंगाम जातील म्हणून सांगितले.