परतीच्या पावसाची रात्रनोंद

नैऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून माघार घेऊ लागतात तेव्हा, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा उलटेपर्यंत, पडणारा पाऊस आषाढातल्या पावसाहून स्वभावाने वेगळा असतो. आषाढसरी अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या जोरावर सह्याद्रीला अडून विस्तीर्ण पट्ट्यात तासन्‌तास कोसळत राहतात; परतीचा पाऊस मात्र थोड्या जागेवर, थोड्या वेळात, विजांच्या कडकडाटासह आणि बहुधा दुपार कलल्यावर येतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या सध्याच्या सरासरी तारखांनुसार मोसमी वाऱ्यांची माघार १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून सुरू होते, ८ ऑक्टोबरच्या सुमारास ते मुंबईतून निघतात आणि १५ ऑक्टोबरपर्यंत साऱ्या देशाचा निरोप घेतात. पंचांगात हा हस्त आणि चित्रा नक्षत्रांचा काळ असून शेतीच्या दृष्टीने तो फार नाजूक असतो, कारण रब्बी ज्वारीला पेरणीपुरती ओल याच पावसाने मिळते, तर काढून शेतात पडलेले सोयाबीन आणि छाटणीनंतर कोवळी फूट आलेल्या नाशिककडच्या द्राक्षबागा याच पावसाने धोक्यात येतात.

या दिवसांत रात्र जागून आकाशाचा माग काढणारा एक वर्ग महाराष्ट्रात आहे. त्यात शिक्षक असतात, शेतकरी असतात, अभियंते असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. पगारासाठी हे काम करणारा त्यांत कोणी नसतो. अशा हौशी निरीक्षकाचे मोल तो अंदाज किती अचूक सांगतो यावर ठरते, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो बदलायला हवा. अंदाज वर्तवण्याचे काम महासंगणकांवर चालणारी गणिती प्रारूपे आणि ती वाचणारे प्रशिक्षित शास्त्रज्ञ यांचे आहे; हौशी निरीक्षकाचे खरे काम आहे ती आपल्या डोक्यावर नेमके काय, केव्हा आणि किती पडले याची प्रामाणिक नोंद, आणि ही नोंद दुसरे कोणीही त्याच्यासाठी करू शकत नाही.

गडगडाटी ढग वाढण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: जमिनीलगत भरपूर बाष्प, वर जाताना झपाट्याने थंड होत जाणारी हवा, आणि खालच्या हवेला वर ढकलणारे काहीतरी निमित्त. ऑक्टोबरच्या उन्हाने तापलेली जमीन, पावसाळ्याने भिजवलेली माती आणि बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट पूर्वेचे वारे या तिन्हींची सोय करतात. निमित्त बहुधा सह्याद्रीच्या उतारांवर मिळते. तापलेली हवा वर चढण्याच्या या क्रियेला संवहन म्हणतात. वर गेलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, ती ढगाला आणखी वर लोटते आणि अशा ढगाचे माथे चौदा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचतात. होरेस बायर्स आणि रोस्को ब्रॅहम यांनी १९४६ व १९४७ मध्ये फ्लोरिडा आणि ओहायो येथे गडगडाटी ढगांच्या आत विमाने पाठवून जो अभ्यास केला, त्यातून एका ढगाच्या आयुष्याच्या तीन अवस्था स्पष्ट झाल्या: केवळ ऊर्ध्वगामी प्रवाह असलेली वाढीची अवस्था, वर जाणारे व खाली येणारे दोन्ही प्रवाह असलेली प्रौढ अवस्था, आणि खाली येणाऱ्या थंड प्रवाहाने ढगाचा आधारच तोडून टाकणारी विरण्याची अवस्था. सुटा ढग हे सारे सुमारे तासाभरात संपवतो.

रात्रीच्या निरीक्षणाचे महत्त्व इथेच आहे. सूर्य मावळला की जमिनीकडून मिळणारी उष्णता थांबते आणि दुपारी उभे राहिलेले बहुतेक ढग दिवेलागणीनंतर विरत जातात. रात्री दहानंतरही ज्याचा जोर ओसरत नाही, त्या ढगाला उन्हाखेरीज दुसरा काही आधार मिळालेला असतो: कुठेतरी कमी दाबाचे क्षेत्र असते, दोन दिशांचे वारे एका रेषेवर येऊन भिडत असतात, किंवा एका ढगातून उतरलेली थंड हवा जमिनीवर पसरताना पुढच्या दमट हवेला उचलून नवा ढग जन्माला घालत असते. नवे ढग एकाच जागी जन्मून एकामागून एक त्याच वाटेने सरकू लागले, तर प्रत्येक ढगाचे आयुष्य अल्प असूनही त्या वाटेवरच्या गावावर पाऊस तासन्‌तास टिकतो. पावसाचे एकूण माप म्हणजे तीव्रता आणि कालावधी यांचा गुणाकार, हे साधे सूत्र ध्यानात ठेवणारा निरीक्षक म्हणूनच सर्वांत उंच ढगापेक्षा सर्वांत संथ ढगाकडे अधिक लक्ष देतो.

अंधारात डोळ्यांचा उपयोग मर्यादित असल्याने निरीक्षकाला उपकरणांवर विसंबावे लागते, आणि प्रत्येक उपकरण काय दाखवते याइतकेच ते काय दाखवत नाही, हे जाणणे हा या कलेचा गाभा आहे. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या भारतीय उपग्रहांची चित्रे प्रत्येकी अर्ध्या तासाच्या अंतराने मिळतात. रात्री सूर्यप्रकाशावर आधारित चित्र निरुपयोगी ठरते आणि अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून काढलेले, चित्र पाहावे लागते. त्यात जितका थंड माथा तितका पांढरा रंग असतो. ढगाचा माथा स्थिर हवेच्या थराला टेकला की ऐरणीसारखा आडवा पसरतो आणि खालचा पाऊस थांबून गेल्यावरही तो पांढरा पसारा कितीतरी वेळ आकाशात तरंगत राहतो. नवशिक्याला असे चित्र पाहून निम्मा महाराष्ट्र भिजत असल्याचे वाटते. अनुभवी निरीक्षक त्या पसाऱ्याकडे दुर्लक्ष करून त्याची वाऱ्याकडची कड रेखीव आहे की विसविशीत, आणि आधीच्या चित्राच्या तुलनेत सर्वांत थंड ठिपका वाढला की आक्रसला, एवढेच पाहतो.

उपग्रह ढगाचा माथा पाहतो, तर रडार ढगाच्या पोटातील पाण्याचा वेध घेते. रडारमधून सोडलेल्या लहरी थेंबांवर आदळून परत येतात आणि त्या परतलेल्या लहरींचे बळ डीबीझेड या एककात मांडले जाते. वीसच्या आसपासचा आकडा हलक्या सरी सुचवतो, चाळिशीनंतर पाऊस जोरदार असतो आणि पंचावन्नच्या पुढे गारांची शंका घ्यावी लागते. डॉप्लर रडार थेंब आपल्याकडे येत आहेत की दूर जात आहेत हेही सांगते. मात्र पृथ्वी गोल असल्याने आणि झोत किंचित वर रोखलेला असल्याने सव्वाशे किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दोन किलोमीटर उंचीवरून जातो, वाटेत सह्याद्रीच्या रांगा आडव्या येतात आणि कमी तरंगलांबीच्या रडारच्या लहरी जवळच्या मुसळधार पावसातच क्षीण होऊन त्यामागचा ढग झाकला जातो. मुंबईत कुलाब्याचे रडार सुमारे दहा सेंटीमीटर तरंगलांबीच्या एस पट्ट्यात आणि वेरावलीचे त्याच्या निम्म्या तरंगलांबीच्या सी पट्ट्यात चालते, म्हणून एकच सर या दोन्ही ठिकाणांवरून पडताळून पाहता येते. रडारच्या पडद्यावर रंग नाही म्हणजे पाऊस नाही, असा निष्कर्ष घाटमाथ्यापलीकडच्या गावाबद्दल कधीही काढू नये.

विजांचा वेध हा तिसरा आधार. वीज पडते तेव्हा रेडिओ लहरीही बाहेर पडतात, त्या वेगवेगळ्या केंद्रांवर किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात आणि त्या फरकावरून विजेची जागा काढता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेले केंद्रांचे जाळे आणि त्यावर आधारित ‘दामिनी’ हे ॲप याच तत्त्वावर चालतात. मध्यम लहरींचा जुना रेडिओ मोकळ्या जागी लावला तर त्यातली खरखरही हेच सांगते. क्षितिजावर नुसतीच लखलखणारी, आवाज न येणारी वीज शंभर किलोमीटरहून अधिक दूरच्या ढगाची असू शकते, कारण उंच माथा तेवढ्या अंतरावरून दिसतो. गडगडाट मात्र साधारणपणे पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे पोहोचत नाही. लखलखाट आणि आवाज यांच्यातील सेकंदांना तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पाऊस येण्याच्या काही मिनिटे आधी कोंदलेल्या हवेत अचानक गार झोत येतो, दारे-खिडक्या आपटतात, ओल्या मातीचा वास येतो आणि तापमापकाचा पारा पाच-सहा अंशांनी खाली येतो. हा ढगातून उतरून पुढे धावणाऱ्या थंड हवेचा अग्रभाग असतो आणि त्याच्या आगमनाची वेळ ही रात्रीच्या नोंदीतील अत्यंत मोलाची बाब असते.

सर्वांत साधे उपकरण म्हणजे पर्जन्यमापक, आणि या कलेची सचोटी त्यावरच जोखली जाते. सपाट जागेवर साचलेले एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटीमीटर असेल तर ४ लिटर पाणी जमले की २०० मिलिमीटर पाऊस झाला असे होते, त्यामुळे आतली बाटली त्याहून लहान असेल तर अतिवृष्टीच्या रात्री ती मध्येच भरून वाहू लागते आणि जी नोंद सर्वांत महत्त्वाची तीच हातची जाते. मापक झाडापासून किंवा भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा, मोजपात्र सपाट पृष्ठभागावर ठेवून पाण्याच्या अंतर्वक्र पातळीचा तळ डोळ्यांच्या रेषेत वाचावा आणि चोवीस तासांचे माप सकाळी साडेआठलाच घ्यावे, कारण देशभरातील केंद्रे त्याच वेळी ते घेतात. रात्रीची टाचणे छोटी पण वेळेसह असावीत: २१.४० आग्नेयेला विजा, आवाज नाही, २२.१५ गडगडाट ऐकू येऊ लागला, २२.३२ गार झोत ईशान्येकडून, २२.३८ टपोरे थेंब, २३.२० जोर ओसरला. अंदाजे, बहुतेक, फार मोठा असे शब्द या वहीत येऊ नयेत. वीज जवळ असताना माप घेण्यासाठी गच्चीवर किंवा अंगणात मात्र जाऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे, तोवर बाटलीतले पाणी कुठेही जात नाही.

अशा नोंदींची गरज किती खरी आहे हे दोन रात्रींवरून दिसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर येऊन वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. १० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०० कोटी लिटर पाणी होते. ओढ्याच्या उगमाकडच्या टेकड्यांवर किती पडले हे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावरून कळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ १३ तारखेला किनारा ओलांडलेला तीव्र अवदाब, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालची प्रणाली, तेलंगण आणि उत्तर कर्नाटक ओलांडून १४ तारखेला सोलापूर-पुण्याकडे आली आणि इंदापूरपासून पंढरपूरपर्यंत पाण्याने थैमान घातले. पहिली रात्र लहानशा क्षेत्रावर ओतलेल्या पावसाची, दुसरी शेकडो किलोमीटर चालत आलेल्या प्रणालीची. एकीचा माग काढायला गल्लीगल्लीतली मापे हवीत, दुसरीचा माग काढायला नकाशा पुरतो, हा भेद निरीक्षकाने कधी विसरू नये.

स्वयंसेवकांच्या मापांवर विज्ञान उभे राहते, याला इतिहासाचा पुरावा आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी १८६० मध्ये पर्जन्यमापनाचे काम हौशी लोकांच्या साह्याने सुरू केले आणि १९०० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नोंदकर्त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक होती. अमेरिकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे २८ जुलै १९९७ च्या रात्री शहराच्या पश्चिम भागात ढगांनी प्रलय मांडला असताना पूर्व भागात पाऊस अगदीच माफक होता. त्या एका रात्रीतून धडा घेऊन तेथील हवामानशास्त्रज्ञ नोलन डोस्केन यांनी १९९८ मध्ये घरोघरच्या पर्जन्यमापकांचे जे जाळे विणायला सुरुवात केली, ते पुढे देशभर पसरले.

या कामाला एक नैतिक बाजूही आहे. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढचा अत्यंत जोरदार. ढगफुटी म्हणण्यासाठी लहानशा क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटरच्या घरात पाऊस व्हावा लागतो. मोजल्याविना ढगफुटी म्हणणे, जुनी चित्रफीत आजची म्हणून पुढे पाठवणे किंवा रंगीत प्रारूपचित्र पाहून स्वतःच इशारा जाहीर करणे हा त्या लोकांशी केलेला द्रोह आहे जे त्या शब्दावर घर सोडायचे की नाही हे ठरवतात. अधिकृत इशारा जसाच्या तसा शेजाऱ्यापर्यंत पोहोचवणे आणि त्यासोबत आपले माप, वेळ व ठिकाण देणे, यात निरीक्षकाची प्रतिष्ठा आहे.

महाराष्ट्रात हजारो गच्च्या, शाळांची पटांगणे आणि शेतातले मोकळे कोपरे उपलब्ध आहेत. मुलांसाठी प्रत्येक माध्यमिक शाळेने आणि गावासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने एक पर्जन्यमापक बसवावा, सकाळी साडेआठला तो वाचावा, पाऊस शून्य असेल तर शून्यही लिहावे आणि परतीच्या पावसाच्या रात्री सरींच्या वेळा टिपून ठेवाव्यात. वही एकच असावी, ती दरवर्षी जपावी आणि मागणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला ती खुली असावी.