पडद्याची पारख

माणसाची ओळख प्रवासात पटते, असे म्हणतात. माझा अनुभव असा, की ती खरेदीत अधिक पटते. आम्हाला तर गेल्या दिवाळीनंतर प्रवास आणि खरेदी दोन्ही एकाच दिवशी घडले. खरेदी कशाची, तर संगणकाच्या पडद्याची. दुकानदार ज्याला ‘गेमिंग मॉनिटर’ म्हणतात त्याची. कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयावर लिहावे याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. पण हा विषय आपण होऊन माझ्या दारात आला.

माझा धाकटा भाऊ जूनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण पहिल्याच वर्षी सोडून वणीला परत आला. का आला, हे त्याने सांगितले नाही आणि बाबांनी विचारले नाही. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद. जेवताना ‘त्याले भाजी वाढ’, ‘बाबांना पाणी पाहिजे का विचार’ असा सारा व्यवहार आईमार्फत चाले. कपाशीची वेचणी सुरू झाली तेव्हा तो दिवसा मुकाट्याने शेतात राबे आणि रात्री मागच्या खोलीत, मित्राकडून घेतलेल्या जुन्या संगणकावर खेळत बसे. बाबांच्या लेखी तो जुगार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत या खेळांना पदकेही होती, असे मी त्यांना सांगून पाहिले. ते म्हणाले, ‘‘पदक भेटलं त सांगजो.’’

एका रात्री मी त्याच्याजवळ जाऊन बसले. पडदा कुठल्यातरी कचेरीतून निघालेला. खेळातला माणूस मान वळवी तेव्हा सारे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसे. ‘‘ताई, समोरचा मला दिसतो तोवर मी मेलेलो असतो,’’ तो सहज म्हणाला. माझ्या काळजात मात्र धस्स झाले. आपल्या जिल्ह्यात असली वाक्ये घरात कोणी सहज ऐकत नाही.

माझ्याजवळ शिकवण्यांचे साठवलेले बारा हजार रुपये होते. बी. एड.ला अमरावतीला जायचे, खोलीचे भाडे लागेल, म्हणून ठेवलेले. दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्याला म्हटले, ‘‘चल, पडदा पाहू.’’

पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी जो अभ्यास केला तसा मी अर्थशास्त्राच्या पेपरलाही केला नाही. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद राहते. १४४ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर ते जेमतेम ७ मिलिसेकंद राहते. मी विचारले, ‘‘सिनेमाला सेकंदाला २४ चित्रे पुरतात, तुला १४४ कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘सिनेमा आपण नुसता पाहतो. इथे माझ्या हाताला उत्तर मिळावं लागतं.’’ हे उत्तर मला पटले.

मग मोह आवरायचा भाग आला. २७ इंची पडदा भव्य दिसतो. पण १९२०×१०८० इतकेच ठिपके त्यावर पसरले तर इंचाला ८२ येतात, २४ इंचीवर ९२. अक्षरे २४ इंचीवरच रेखीव दिसणार. ठिपके वाढवून २५६०×१४४० करावेत, तर ते २१ लाखांवरून ३७ लाखांच्या घरात जातात आणि तेवढे ओझे त्याच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला ओढवत नाही. पडद्याच्या जातीही तीन. टीएन चपळ, पण बाजूने पाहिले की रंग विटतात. व्हीए काळा रंग गडद दाखवतो, पण स्वस्तातल्या व्हीएमध्ये अंधारी चित्रे सरकताना मागे सावली ओढली जाते. आयपीएस रंगाला इमानी, फक्त त्याचा काळा थोडा राखाडी. चित्र फाटू नये म्हणून पडद्याने कार्डाच्या चालीने चालावे, ही सोयही हवी. तिला ‘अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक’ म्हणतात. आमचे ठरले : २४ इंची, आयपीएस, १४४ किंवा जास्त, आणि किंमत बारा हजारांच्या आत.

नागपूरला निघालो त्या सकाळी बसस्टँडवर आमच्या आधीच बाबा उभे! आईने काय सांगितले होते कोण जाणे. वरोऱ्यावरून नागपूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते आणि भाऊ मोबाईलमध्ये. मी मधल्या सीटवर, दुभाष्यासारखी.

सीताबर्डीवरच्या दुकानदाराने आम्हाला पाहताच एक वाकडा, २७ इंची, मागून लाल-निळे दिवे लुकलुकणारा पडदा पुढे केला. भाव चौदा हजार. ‘‘प्रतिसाद एक मिलिसेकंद!’’ तो म्हणाला. बाबा इतका वेळ गप्प होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘त्याले विचार, हा एक कोणी मोजला?’’

मी थक्क झाले. आठ दिवस वाचून आम्हाला जे कळले होते ते बाबांना नुसत्या संशयाने कळले. हा ‘एक’ फार लवचिक असतो. कोणी तो एका राखाडी छटेवरून दुसरीवर जायच्या वेळेने मोजतो आणि नेमक्या सोयीच्या छटा निवडतो; कोणी मागचा उजेड लुकलुकवून दुसऱ्याच रीतीने मोजतो. बाबांची सारी हयात कापसाच्या गाड्या नेण्यात गेली आहे. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर गेला की माल परत. आकडा कोणाच्या हाताने मोजला जातो यावर घरातली दिवाळी ठरते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

‘‘शिंगाले बेगड लावला म्हणून बैल चांगला होत नसते,’’ ते दिव्यांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘अन् दावणीले बांधलेला पाहून घेत नाहीत. चालवून पाहा लागते.’’

भाऊ पहिल्यांदा हसला. त्याने दुकानदाराला विनंती करून दोन पडदे शेजारी सुरू करायला लावले आणि एक उडती तबकडी त्यांवरून पळवली. पडद्याची चाल तपासायची ती प्रसिद्ध चाचणी आहे. पार्श्वभूमी काळसर केली. बाबा वाकून बघत राहिले. ‘‘त्या वाकड्यातली शेपटी मागं राह्यते,’’ ते म्हणाले. खरेच राहत होती. साध्या चेहऱ्याच्या, १८० हर्ट्झच्या आयपीएस पडद्यावर तबकडी स्वच्छ पळत होती. मग भावाने त्यावर पांढरा, काळा, लाल असे सपाट रंग भरून एखादा ठिपका मेलेला तर नाही ना, हे पाहिले. साडेदहा हजारांना सौदा झाला. तिकिटे बाबांनी काढली.

रात्री घरी पडदा जोडला, आणि फरक काहीच नाही! भावाचा चेहरा उतरला. बाबा दारात उभे. ‘‘फसलो का?’’ त्यांनी मला विचारले. अर्ध्या तासाने उमगले, की पडदा नवा असला तरी संगणक जुन्याच सवयीने सेकंदाला ६० चित्रे पाठवीत होता. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची वायर लावली आणि सेटिंगमध्ये जाऊन ६० चे १८० केले. उंदीर हलवताच बाण असा सरकला, जणू तेल घातलेली चाती.

‘‘चालला का आता?’’ बाबांनी विचारले. या वेळी माझ्याकडे न पाहता.

‘‘चालला, बाबा.’’

पाच महिन्यांत ही त्या दोघांची पहिली थेट वाक्ये. बाबा थोडा वेळ त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले, मग झोपायला गेले.

माझ्याजवळ दीड हजार उरले आहेत, आणि अमरावतीच्या खोलीचे भाडे पुन्हा पहिल्यापासून जमवायचे आहे. भावाने कॉलेज का सोडले, हे अजून मला ठाऊक नाही. पण परवा शेतातून येताना बाबांनी ते त्याला विचारले, असे आई सांगत होती. तो काय म्हणाला, ते बाबांनी आईलाही सांगितले नाही. नुसते म्हणाले, ‘‘सांगितलं त्यानं.’’