बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली जात्यावरची ओवी



आज पाठ, स्वाध्याय बाजूला ठेवून घरातलाच एक अनुभव सांगते. वाचून झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि आपल्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे एकदा बघा, एवढीच विनंती.

आम्ही येलदरीला राहतो. जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाच्या गावी. डी.एड. झाल्यावर पहिल्या काही पगारांतून मी एक कॉम्प्युटर घेतला होता. त्यात १६० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, पण घरातली लाईट जायची ती जायचीच. चालू मशीन किती वेळा धाडकन बंद झालं, त्याचा हिशोब नाही. तरी बिचारं चाललं. पुढे मोबाईल आला, शाळेची कामं मोबाईलवर व्हायला लागली आणि कॉम्प्युटरवर कापड पडलं.

२०१२ साली मी चौथीच्या मुलांना एक उपक्रम दिला होता. घरातल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐका आणि वहीत लिहून आणा. मुलांना जातं दाखवावं म्हणून मी वर्गच घरी आणला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, जात्यावर बसल्या आणि गायला लागल्या. मी मोबाईलवर चौदा रेकॉर्डिंग केली. मोबाईलची मेमरी भरली म्हणून ती कॉम्प्युटरमध्ये टाकली आणि मोबाईलमधून पुसून टाकली. चूक तिथेच झाली. पण ते कळायला खूप वर्षं गेली.

२०१६ मध्ये आत्या गेल्या. माझी लेक तेव्हा सव्वा वर्षाची होती. तिला आजी फक्त फोटोत माहीत.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक म्हणाली, "मम्मी, आजी गायची म्हणतेस, मला ऐकव ना." मी हौसेनं कापड काढलं, धूळ झटकली, बटण दाबलं. पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: डिस्क बूट फेल्युअर. पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मी आठ-दहा वेळा बंद-चालू केलं, बाजूनं एक थापही मारली. हे सगळं करायचं नसतं, हे नंतर समजलं.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात नेलं. "मॅडम, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा चालेल," असं उत्तर मिळालं. मी डबा उचलून परत आणला. मला नवा कॉम्प्युटर नको होता, आत्यांचा आवाज पाहिजे होता.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो आला तेव्हा त्यानं आधी डिस्कला कान लावला. मला म्हणाला, "मामी, टकटक वाजत नाही, हे नशीब. वाजत असती तर मी हात लावला नसता."

हे का, ते मुलांनाही सांगण्यासारखं आहे. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या असतात. घरच्या कॉम्प्युटरमध्ये त्या बहुधा मिनिटाला ७२०० फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला १२०! वाचणारी सुई, तिला हेड म्हणतात, तबकडीला टेकत नाही. ती हवेच्या पातळ थरावर तरंगते. ते अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटीनं कमी असतं. हेड बिघडलं की टकटक ऐकू येते. अशी डिस्क चालू ठेवली तर हेड तबकडी खरवडू शकतं, आणि खरवडलेलं परत येत नाही. तेव्हा डिस्क बंद ठेवून थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यायची. खर्च मोठा असतो, पण घरगुती इलाज चालत नाही.

आमच्या डिस्कचे काही भाग फक्त वाचता येत नव्हते. त्यांना बॅड सेक्टर म्हणतात. भाच्यानं डिस्क बाहेर काढून त्याच्या लॅपटॉपला जोडली. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलं. त्याची रीत मला फार आवडली. ते आधी चांगला भाग भराभर उतरवून घेतं आणि अडलेली जागा टिपून ठेवून पुढे जातं. सगळं झाल्यावर मग त्या अडलेल्या जागांकडे परत येतं. आपण मुलांना परीक्षेत सांगतो ना, येणारी उत्तरं आधी लिहा, अडलेल्या प्रश्नावर बसून राहू नका, तसंच.

दोन रात्री ते चाललं. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नाही, सगळं दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवलं. मग त्या प्रतीवर फोटोरेक चालवलं. ते फाईल शोधून देतं, पण फाईलचं नाव देत नाही. समोर नुसते आकडे. शेकडो फाईल एकेक उघडून ऐकायच्या. पीठ चाळावं तसं काम.

चौदापैकी नऊ ओव्या पूर्ण मिळाल्या. दोन मधेच तुटल्या. तीन गेल्या.

ओव्या टाईप केलेली एक फाईलही सापडली. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! मला वाटलं, खराब झाली. तसं नव्हतं. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसला की मराठी दिसत नाही. जुना फॉन्ट टाकल्यावर वाचता आलं, पण त्यात चारच ओव्या होत्या. तुमच्याही जुन्या प्रश्नपत्रिका अशाच पडून असतील, तर आताच युनिकोडमध्ये करून घ्या.

गेलेल्या तीन ओव्यांसाठी मी त्या चौथीतल्या मुलांच्या घरी विचारत गेले. एका मुलीच्या आईनं पेटीतून वही काढून दिली. मुलगी आता नर्सिंगला आहे. वहीत दोन ओव्या मिळाल्या, मोडक्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर माझीच लाल शाई. तेव्हा मी चुका मोजल्या होत्या. आता ती वहीच शेवटचा पुरावा आहे. तिसरी ओवी कुठेच नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. म्हणजे हे किती मोलाचं आहे ते त्यांनी ओळखलं होतं. आपल्या घरची एक आजी तरी आपण जपावी.

आता मी तीन गोष्टी पाळते, तुम्हीही पाळा:

१) महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती. दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर.
२) दर सुट्टीत त्या उघडून बघायच्या. ठेवलं म्हणजे टिकलं, असं नसतं.
३) डिस्क बिघडली तर आधी बंद करायची. फॉरमॅटला हो म्हणायचं नाही.

त्या रात्री लेकीला पहिली ओवी ऐकवली. जात्याची घरघर, मुलांचं हसणं, मधेच कोंबडी. शेवटी जातं थांबतं आणि आत्या मला म्हणतात, "बंद कर आता ते, लेकरायला भूक लागली आसंल."

लेक म्हणाली, "मम्मी, आजीनं हे मलाच म्हटलं का?"

मी हो म्हटलं.