पिंजऱ्यातल्या कैद्यांचं काय करायचं?

'ड्वार्फ फोर्ट्रेस' खेळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. डोंगर पोखरून ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्यांचा किल्ला उभारायचा, दाराशी पिंजऱ्यांचे सापळे लावायचे. मग एक दिवस गॉब्लिनांची धाड येते आणि वीसेक जण त्यात अडकतात. आता यांची विल्हेवाट कशी लावायची?

पिंजऱ्यात ते गप्प असतात, पण शस्त्रं त्यांच्याजवळच राहतात. म्हणून आधी सगळं सामान काढून घ्यायचा हुकूम सोडायचा. त्यातून पिंजरा तेवढा आठवणीनं वगळायचा, नाहीतर कैद्यासकट तोही कचऱ्यात जातो. मग खोल खड्डा खणून काठावरून ढकलायचं, म्हणजे आपल्या रायगडावरच्या टकमक टोकाचाच प्रकार. ज्याला जवळ जायची भीती वाटते, तो पिंजरा खटक्याला जोडून लांबूनच उघडतो. पलीकडे सैनिक तरी उभे असतात, नाहीतर लाव्हा.

आम्हा पोस्टडॉक मंडळींना या खेळाचं विशेष कौतुक. टार्न अ‍ॅडम्स आणि त्याचा भाऊ झॅक यांनी तो २००६ साली आणला. टार्न स्टॅनफर्डचा गणितातला डॉक्टरेट. टेक्सासमधली पोस्टडॉकची नोकरी सोडून तो याच्यामागे लागला.

खेळ सुरू होण्याआधी संगणक त्या जगाचा शेकडो वर्षांचा इतिहास रचतो. त्यात गॉब्लिन दुसऱ्यांची मुलं पळवतात. ती मुलं तिकडेच वाढतात आणि पुढे त्यांच्याच फौजेतून चालून येतात. माझ्या किल्ल्यावरच्या तिसऱ्या धाडीत असंच झालं. एका पिंजऱ्यात गॉब्लिन नव्हता, ड्वार्फ होती. लहानपणी पळवलेली. खेळाच्या लेखी मात्र ती शत्रूच.

मला नेताजी पालकर आठवले. १६६६ साली ते मोगलांच्या हाती सापडले, धर्म बदलून मुहम्मद कुली खान झाले, काबूलकडे मोहिमेवर गेले. दहा वर्षांनी परत आले, तेव्हा महाराजांनी त्यांना १६७६ साली पुन्हा आपल्यात घेतलं. पण नेताजींना मागचं सगळं आठवत होतं. या बाईला आठवायला काय होतं? तिला 'आपली' म्हणत होते ती मीच.

कोण कुणाचं, हे जन्मावरून ठरतं की कुठे वाढलो त्यावरून? इथे मुलं वाढवणाऱ्या आपल्यापैकी कुणालाच हा प्रश्न नवा नाही. खेळाचं उत्तर सरळ आहे: जिथे वाढलात, तिथले. मला ते खोडता येत नाही.

बाकीच्या एकोणीस जणांचा कडेलोट झाला. तिचा पिंजरा मी जेवणघरात आणून ठेवलाय. खटका अजून जोडलेला नाही.